कीलीकै

आमच्या वळसंगात किल्लीला तीन नावं आहेत. म्हातारी माणसं किल्ली म्हणतात, गाडीवाली पोरं चावी म्हणतात आणि कानडी बोलणाऱ्या घरांत ती कीलीकै असते. चावी पोर्तुगीजांकडून आली आणि कुलूप अरबीतून, हे मला एका मास्तरांनी दुकानाच्या बाकावर बसून सांगितलं होतं. कीलीकै मात्र कुणी समजावून सांगायची वेळ आली नाही. कीली म्हणजे कुलूप, कै म्हणजे हात. कुलपाचा हात. मामांनी मला चाव्या करायचं काम शिकवलं ते याच अर्थानं. ते म्हणायचे, 'कुलूप बोलतं रे. आपण घाई करतो म्हणून ऐकू येत नाही.'

मामा सोलापुरात मधल्या मारुतीजवळ पत्र्याची पेटी घेऊन बसायचे. पेटीच्या झाकणाला तारेत ओवलेल्या शेदोनशे कोऱ्या चाव्या, आत चार कानशी, एक छोटा वाईस, मेणबत्तीचं थोटूक आणि खोबरेल तेलाची बाटली. एवढंच दुकान. 1994 साली दहावीला गणितात गेलो आणि त्यांच्याकडे जाऊन बसलो. पहिले सहा महिने मी फक्त कानस चालवायला शिकलो. ती पुढं जाताना दाबायची, मागं येताना उचलायची. मागं ओढताना घासली तर कानशीचे दात मरतात. हातात हे बसल्याशिवाय मामांनी मला गिऱ्हाइकाच्या चावीला हात लावू दिला नाही.

एका दुपारी एका जीपची चावी हरवली म्हणून बोलावणं आलं. नमुन्याला दुसरी चावी नव्हती. मामांनी त्या जातीची कोरी चावी काढली, मेणबत्तीवर धरली आणि तिच्यावर काजळी चढवली. मग ती कुलपात घातली, बेतानं डावी-उजवीकडं पिळली आणि सरळ बाहेर काढली. उन्हात तिरपी धरून मला म्हणाले, 'बघ.' काळ्या काजळीत तीन ठिकाणी बारीक पिवळे ठिपके चमकत होते. कुलपाच्या आत पितळेची पाती असतात. कोरी चावी ज्या पात्याला अडते, तिथली काजळी पुसली जाते. मामांनी त्या तीन ठिकाणी तिकोनी कानशीचा एकेक हात मारला, पुन्हा काजळी, पुन्हा कुलपात. आता दोनच ठिपके. पुन्हा कानस. असं करत करत तासाभरात ठिपके उमटायचे थांबले आणि चावी लोण्यातून फिरावी तशी फिरली. जीपवाल्यानं तीस रुपये दिले. मी मात्र रात्री झोपतानाही ते ठिपके बघत होतो.

सगळी माहिती त्या कुलपातच होती. कुठं विचारायला जायचं नव्हतं, कुणाची परवानगी लागत नव्हती. हाताला कळलं की झालं.

लग्नानंतर मी गावी परतलो आणि सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर दुकान टाकलं. हा रस्ता स्वामी समर्थांच्या भक्तांचा. गुरुवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, पुढं बरेच जण गाणगापूरला जातात. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टर असतात ते वेगळेच. ट्रॅक्टरचं काम सोपं असायचं, कारण एकाच कंपनीच्या कितीतरी ट्रॅक्टरांना एकच चावी चालायची. घरची कुलपं, गोदरेजची कपाटं, सुवेगा, लुना, ॲम्बॅसडर, ट्रॅक्स, सगळं हातावर होतं. आपल्याला सगळं येतं असं मला मनापासून वाटायचं.

मग एक मोटार आली. मालक अक्कलकोटचे, एकच चावी होती, दुसरी हवी होती. मी मशीनवर दात कापले, कड साफ केली, दार उघडून दाखवलं. स्टिअरिंगजवळ घातली, फिरली. इंजिन लागलं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. पुन्हा लागलं, पुन्हा बंद. समोरच्या काट्यांच्या मध्ये एक पिवळा दिवा लुकलुकत होता, त्याच्यावर मोटारीचं चित्र आणि कुलूप. मला तो दिवा कशाचा ते ठाऊक नव्हतं. पेट्रोल येत नसेल म्हणून मी बॉनेट उघडलं आणि तीन तास पाइप तपासत बसलो. मालकांना वाटलं, मी गाडी बिघडवली. शेवटी त्यांनी वैतागून जुनी चावी घातली आणि गाडी गुपचूप सुरू झाली. माझी चावी आणि ती चावी मी एकावर एक ठेवून बघितली. केसाचाही फरक नव्हता. त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर जेवलोही नाही.

पुण्याला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पंधरा दिवस राहिलो तेव्हा उलगडा झाला. जुन्या चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक चिप होती. चावी घालायच्या भोकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की ते 125 किलोहर्ट्झच्या लहरी सोडतं. चिपला सेल लागत नाही, त्या लहरींतूनच तिला जीव येतो आणि ती आपला नंबर सांगते. नव्या जातीच्या चिपा त्याहून पुढच्या: गाडी दर वेळी वेगळा आकडा टाकते, चिप आपल्याकडच्या गुप्त आकड्याशी त्याची गाठ घालून उत्तर पाठवते, आणि उत्तर जुळलं तरच इंजिनाला इंधन आणि ठिणगी मिळते. याला इमोबिलायझर म्हणतात. म्हणजे माझ्या चावीचे दात बरोबर होते, कुलपानं तिला हो म्हटलं होतं. नाही म्हणणारी वस्तू दुसरीच होती, आणि ती माझ्या कानशीशी बोलणारी नव्हती.

ही कल्पना काही एका दिवसात आली नाही. अमेरिकेत 1986 सालच्या कॉर्व्हेट मोटारीच्या चावीत पात्यावरच एक बारीक रेझिस्टर बसवलेला असायचा. त्याच्या पंधरा किमती होत्या. तुमची किंमत जुळली तर गाडी सुरू. पंधराच म्हणजे चोराला फार जड नव्हतं, पण दातांशिवाय आणखी काहीतरी तपासायचं, ही सुरुवात तिथली. युरोपात ऑक्टोबर 1998 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. आपल्याकडं तो हळूहळू येत गेला आणि माझ्या दुकानापर्यंत पोहोचला तेव्हा मी पेट्रोलचे पाइप चोखत बसलो होतो.

मी कर्ज काढून गाडीला चिपा शिकवणारा चिनी प्रोग्रॅमर घेतला, मग दुसरा, मग चावीच्या मधोमध नागमोडी नाळ कोरणारं मशीन, कारण बऱ्याच नव्या चाव्यांना कडेला दात नसतातच. एकदा एका गाडीची सगळ्या चाव्या गेल्याची केस होती. अशा वेळी नवी चावी शिकवायला लागणारा गाडीचा पिन कोड मिळाला नाही तर इमोबिलायझरचा डबा उघडून आतली आठ पायांची आयसी वाचावी लागते. मी क्लिप उलटी लावली. एक नंबरचा पाय कुठला ते ठिपका बघून ठरवायचं असतं. दुकानात उजेड कमी होता आणि मी अंदाजानं लावली. आयसीतलं सगळं पुसलं गेलं. तो डबा, जुळणारा कॉम्प्युटर आणि चावी असा जुना संच शोधून आणून बसवेपर्यंत माझी दोन महिन्यांची कमाई गेली. तेव्हापासून टेबलावर भिंग लावलेला दिवा आहे, आणि आयसीला हात लावण्याआधी मी मोबाइलवर तिचा फोटो काढतो. वाचलेली फाइल दोन ठिकाणी ठेवतो. काजळीच्या कामात चूक झाली तर एक कोरी चावी वाया जायची. इथं माणसाची गाडीच वाया जाते.

त्या चिपेचा आकार किती, हे मला एका आजींनी शिकवलं. गावाबाहेरच्या वस्तीवरचा एक पोरगा धावत आला. 'मामा, गाडी लागतीय आणि बंद पडतीय. काल रात्री चालू होती की वो.' मी विचारलं, काल रात्रीपासून काय केलं? आधी काहीच नाही म्हणाला. मग म्हणाला, 'चावीचं कव्हर बदललंय फक्त. जुन्याची बटणं फाटली होती. गड्ड्यात नवं घेतलं होतं.' सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर असली कव्हरं मिळतात. त्यानं जुन्यातलं पातं आणि रिमोटची पट्टी काढून नव्यात बसवली होती. चिप जुन्याच कव्हरात एका कोपऱ्यात चिकटवलेली असते, ती दिसतही नाही.

'जुनं कव्हर कुठाय?'

'आजीनं झाडून टाकलं.'

वस्तीवर गेलो. आजींनी उकिरड्याकडं बोट केलं. पोरगा, त्याचे वडील आणि मी, तिघं खोरी घेऊन उतरलो. शेण, तुरीचं भूस, चुलीची राख, फुटक्या बादलीचा काठ. थंडी होती तरी घाम फुटला. तासाभरानं वडिलांच्या खोऱ्याला ते काळं प्लॅस्टिक लागलं. आत शेण भरलं होतं. मी ते पाण्यानं धुतलं, ब्लेडच्या टोकानं कोपरा उचकटला आणि एक काळाकुट्ट ठोकळा तळहातावर घेतला. आजी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, 'एवढ्याशा चिंचोक्यासाठी?' खरोखर चिंचोकाच. तेवढाच लांब, तेवढाच गुळगुळीत. नव्या चावीच्या डोक्याशी तो बोटानं धरला आणि पोराला गाडी लाव म्हटलं. लागली ती लागलीच. रात्रभर शेणात राहूनही त्या चिंचोक्याला काही झालं नव्हतं, कारण त्यात सेल नाही, उघडी तार नाही. आता माझ्या दुकानात त्याला चिंचोकाच म्हणतात. माझा पोरगाही गिऱ्हाइकाला आधी तेच विचारतो: कव्हर बदललंत का, चिंचोका काढून घेतलात का?

त्यानंतर आल्या बटणाच्या गाड्या. चावी खिशातच ठेवायची, दारापाशी गेलं की गाडी तिला हाक मारते, ती उत्तर देते. या चावीला सेल लागतो, बहुतेकदा सीआर 2032. त्या आकड्यातच माप आहे, व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2. एका गुरुवारी रात्री साडेदहाला फोन आला. पुण्याचं कुटुंब, गाणगापूरच्या संगमावर स्नान करून, अक्कलकोटला दर्शन घेऊन निघालेलं. वळसंगच्या टोलनाक्याजवळ चहाला थांबले आणि गाडी त्यांना ओळखेना. दोन लहान मुलं, एक म्हातारे आजोबा. मी विचारलं, 'चावी पाण्यात गेली होती का?' क्षणभर कुणी बोललं नाही. मग ते गृहस्थ म्हणाले, 'बर्म्युड्याच्या खिशात होती. पण नंतर दोनदा गाडी सुरू झाली की.' होणारच. आत शिरलेलं पाणी सेल हळूहळू पितं. मी म्हटलं, 'ब्रेक दाबा, चावी हातात घ्या आणि बोटाऐवजी चावीच्या टोकानं ते बटण दाबा.' फोनवर इंजिनचा आवाज आला आणि मागून मुलांची ओरड.

खिशातली चावी मेली तरी तिच्यात तो बिनसेलचा चिंचोका असतो. बटणाच्या मागं वेटोळं असतं, अगदी जवळ नेलं की ते त्याला जागं करतं. काही गाड्यांत ही जागा बटणाशी नसून कप ठेवायच्या खाचेत किंवा स्टिअरिंगच्या बाजूला असते. आणि दार उघडायला त्याच चावीच्या पोटात एक लोखंडी पातं दडवलेलं असतं, खटका सरकवला की बाहेर येतं. एवढ्या महाग गाड्या घेणाऱ्या लोकांना हे कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. रात्री रस्त्यावर अडकलेल्या माणसाला हे सांगायचे पैसे मी घेत नाही.

चिपेवर माझा राग नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत 2021-22 च्या सुमारास इमोबिलायझर नसलेल्या काही मोटारी चोरायची पद्धत व्हिडिओंवरून पसरली. कुलपाचं आवरण तोडायचं आणि आतला खुंटा यूएसबी केबलच्या टोकानं फिरवायचा. शाळकरी पोरं गाड्या पळवायला लागली. चिंचोका असता तर इंजिन दोन सेकंदांत बंद पडलं असतं. शेतकऱ्यानं दहा वर्षं पैसे साठवून घेतलेली गाडी त्या दोन सेकंदांवर वाचत असेल, तर माझे तीन तास वाया गेले त्याचं काय एवढं.

राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. गाडी माझ्या गावच्या माणसाची, पैसे त्याचे, कर्ज त्याचं, आणि दुसरी चावी करून घ्यायची परवानगी मात्र दूर कुठल्या तरी कॉम्प्युटरात. काही नव्या गाड्यांत पिन कोड कंपनीच्या सर्व्हरशिवाय मिळतच नाही. पन्नास रुपयांची चावी काही हजारांवर जाते, आणि गाडी टोवर टाकून शहरात न्यायची ते वेगळं. स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. प्रकरण पुढं अपिलात गेलं. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारी आणि शेतीची अवजारं दोन्ही आहेत. मी वर्तमानपत्रातून कापलेली ती बातमी दुकानात काचेखाली ठेवली आहे. आम्हाला फुकट काही नको. ओळख दाखवून, नोंदणी करून, रास्त पैसे भरून ती माहिती वळसंगलाही मिळावी, एवढंच मागणं आहे.

कारण ओळख दाखवायची जबाबदारी मला कळते. मामांच्या वेळी घराची चावी करायची तर ते स्वतः त्या दारापर्यंत जायचे आणि शेजाऱ्याला विचारायचे, 'हे यांचंच घर ना?' मी आरसी बघतो, आधार बघतो, वहीत सही घेतो, गाडीसकट माणसाचा फोटो काढतो. हरवलेल्या चावीची पोलीस ठाण्यात नोंद करून या म्हणतो. विमा कंपन्या चोरीच्या दाव्यात दोन्ही चाव्या मागतात, तेव्हा तो कागद त्यांच्याच कामाला येतो. एकदा तिन्हीसांजेला दोघं तरुण आले, गाडी लांब उभी आहे, मशीन घेऊन चला, पैसे म्हणाल ते. आरसी भलत्याच नावावर. मालकाला फोन लावा म्हटलं तर निघून गेले. गाडी त्यांची असेलही. मला रात्री नीट झोप लागली.

पण कागद दर वेळी पुरत नाही. मागच्या पावसाळ्यात जवळच्या गावातून एक बाई आल्या. नवरा सोलापूरच्या दवाखान्यात वारला होता. त्या धावपळीत गाडीची चावी कुठं पडली ते कुणालाच आठवत नव्हतं. जुनी घेतलेली गाडी, एकच चावी. आरसी नवऱ्याच्या नावावर. नियम असा आहे की मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, तेवढ्यात नाव बदलायचा अर्ज द्यायचा. कळवलं होतं, अर्जाची पोच त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली होती. गाडी मात्र दारातून हलत नव्हती. वहीतल्या माझ्या रकान्यांत बसेल असा एकच कागद त्यांच्याकडं नव्हता: जिवंत मालकाची सही.

मी त्यांना थांबवलं, दुकान पोराकडं दिलं आणि मोटारसायकलवर त्यांच्या गावी गेलो. पोलीस पाटलांना भेटलो. शेजारच्या घरात चहा घेतला आणि विचारलं, 'ही गाडी यांचीच ना?' शेजारच्या म्हाताऱ्यानं पटकन उत्तर दिलं नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, 'तो रोज संध्याकाळी धुवायचा तिला.' मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड आणि पाटलांची सही वहीत लावली.

गाडीवर धूळ बसली होती आणि चारही चाकांखाली गवत उगवलं होतं. पातं कापायला मी मशीन नेलं नव्हतं. खूप वर्षांनी मेणबत्ती पेटवली. दाराच्या कुलपातून काजळीवरचे ठिपके घेत पातं कानसलं, बाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या, मुलगा माझ्यासाठी मोबाइलचा दिवा धरून होता. मग लॅपटॉप जोडला, पिन काढला आणि दोन नव्या चिपा गाडीला शिकवल्या. एक रोजची, एक डब्यात ठेवायची. इंजिन लागलं तेव्हा मुलानं दिवा खाली घेतला.

मी सामान आवरत होतो. बाईंनी विचारलं, 'भाऊ, त्यांची ती चावी सापडली कधी, तर चालंल का?'

सगळ्या चाव्या गेल्या असं धरून गाडी शिकवताना आधीची नोंद पुसली जाते. ते करावंच लागतं, नाहीतर हरवलेली चावी कुणाच्या हाती लागली तर गाडी जाईल. मी त्यांना तसंच सांगितलं. गाडी तिला आता ओळखणार नाही, सुरू होणार नाही.

त्या काही बोलल्या नाहीत. मग माझ्या लक्षात आलं की कुलूप तेच आहे, त्यातली पाती मी बदललेली नाहीत.

'दार तेवढं उघडंल, वैनी,' मी म्हटलं.